उजव्या दाराच्या वायरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वर्षाला नाही — आणि वर्षा माझी बायको आहे, माझ्या एटीएमच्या पिनपासून पाठीवरच्या गळवापर्यंत तिला सगळं ठाऊक असतं. मुलुंडच्या ताईला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्येच उठून "अरे, मग आत्ता तरी सांगून टाक ना" असं म्हणू शकत नाही, म्हणूनही असेल.

गोष्ट गाडीच्या स्पीकरची आहे. हसू नका. म्हणजे हसा हवं तर, मीही बरेच दिवस तिला तेवढीच समजायचा प्रयत्न केला — दोन स्पीकर, चार वायरी, त्यात काय एवढं?

मी अंधेरीला एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. कंट्रोल पॅनल तयार होऊन आले की त्यांची वायरिंग तपासायची, हे माझं काम. प्लस तिथे प्लस, मायनस तिथे मायनस. कुणी उलटी जोडली तर मी पॅनल परत पाठवतो आणि चार शब्दही ऐकवतो. तिथली पोरं मला घाबरतात. मला ते आवडतं, हेही इथेच सांगून टाकतो.

राहतो भांडुपला, टेकडीच्या बाजूला. घरात मी, वर्षा आणि बाबा. आई गेली त्याला बराच काळ झाला. बाबा मालवणजवळच्या गावातून गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते केलं, पण त्यांना विचाराल तर ते स्वतःची ओळख एकच सांगतील — पखवाज. आमच्याकडच्या लोकांत डबलबारी असते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, एकमेकांना गाण्यातूनच डिवचतात, आणि माणसं रात्रभर बसून ऐकतात. त्यात गाणाऱ्या बुवाचं नाव होतं, पण बारी उभी राहते ती पखवाजवाल्याच्या जिवावर. बाबा आमच्या मंडळाचे पखवाजवाले. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या चामड्याला, कणीक लावतात, त्याने तिचा आवाज खाली उतरतो, पोटात घुमतो. बाबांचा डावा हात पडला की मंडपातल्या खुर्च्यांना कळायचं. हे मी त्यांचा मुलगा म्हणून सांगत नाही, लोक सांगायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी वर्षा चपात्यांच्या कणकेतून एक गोळा बाजूला काढून ओल्या फडक्यात बांधून द्यायची. आधी आई द्यायची. तो गोळा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लहानपणी बाबांनी मलाही पखवाजावर बसवलं होतं. वर्षभर बसलो असेन. मग एकदा मंडळाची तालीम चालू असताना, सगळ्यांसमोर, त्यांनी माझा हात पुडीवरून उचलून बाजूला ठेवला. रागाने नाही हं. गाडीतलं सामान बाजूला सरकवावं तसा. म्हणाले, "ह्येच्या हातात ता नाय." लोक हसले. बाबाही हसले. मी पण हसलो — काय करणार? त्यानंतर मी त्या पखवाजाला हात लावला नाही. वायरींना लावला.

तर गाडी. चार-पाच वर्षांपूर्वी मी एक जुनी छोटी गाडी घेतली. पुढच्या दोन दारांत दोन स्पीकर, मागे काहीच नाही. दोन्ही फाटलेले होते, आवाज लावला की पतंगाचा कागद फडफडावा तसे फडफडायचे. मी नवे आणले. दुकानदार म्हणाला, इथेच बसवून देतो. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दाराची पॅनलं खोलून बसलो. येणारे-जाणारे थांबत होते. "दिनेशभाई, झकास!" वगैरे. बाबाही खाली येऊन खुर्ची टाकून बसले होते.

आता स्पीकर बसवायचा म्हणजे फक्त वायरी जोडायच्या असं नसतं. त्याला दोन पत्त्या असतात, रुंद पत्ती प्लस, अरुंद पत्ती मायनस. एका दाराची वायर बरोबर आणि दुसऱ्याची उलटी लागली, तर एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो त्याच वेळी दुसऱ्याचा आत जातो. दोघे एकमेकांचा जाड, खालचा आवाज खाऊन टाकतात. उरतं ते वरवरचं, पोकळ. गंमत म्हणजे एकेक स्पीकर वेगळा लावून बघा — दोन्ही ठणठणीत. चूक दोघे एकत्र वाजतात तेव्हाच असते, त्यामुळे ती सापडत नाही. म्हणून साधा उपाय असतो: गाडीच्या टेपला जोडण्याआधी वायरींच्या तिकडच्या टोकांना क्षणभर सेल लावायचा, प्लसला प्लस, आणि पडदा कुठे उडतो ते बघायचं. बाहेर उडाला तर बरोबर. मी हे कारखान्यातल्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

त्या दिवशी मी सेल लावला नाही.

का? लोक बघत होते. सेल आणायला वर जावं लागलं असतं आणि वर गेलो असतो तर ज्याला सगळं येतं तो सेल लावून खात्री करतोय, असं दिसलं असतं. डाव्या दारात काळ्या पट्टीची वायर मायनस होती. उजव्या दारातही काळ्या पट्टीची वायर होती. मी धरून चाललो. आधीच्या मालकाने उजव्या दाराची वायर कधीतरी बदलून घेतली होती आणि ज्याने बदलली त्याने पट्टीबिट्टी काही पाहिली नव्हती, हे मला पुढे कळलं. पण खरं सांगू? स्पीकर लागल्या लागल्या बातम्या लावल्या तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं. बाईचा आवाज समोरून येत नव्हता. तो कुठूनच येत नव्हता, कानाच्या मागे कुठेतरी तरंगत होता. मी काय केलं? आवाज वाढवला आणि दार लावलं.

पुढच्याच आठवड्यात बाबांची डबलबारी होती. बाबांचा डावा खांदा त्या वर्षी दुखत होता. मंडळात तुषार नावाचा एक तरुण पखवाजवाला तयार झाला होता, चांगला वाजवायचा, आणि बुवा — म्हणजे मंडळाचे गायक — अधूनमधून त्याला बसवायचे. बाबा कुणाला काही बोलत नव्हते, पण त्यांच्या मनात शंका होती. वाजवणाऱ्याला आपलंच वाद्य मांडीवर ऐकू येतं, लोकांपर्यंत काय पोचतं ते त्याला कळत नाही. म्हणून त्यांनी मला सांगितलं, रेकॉर्ड कर. मी एक छोटा रेकॉर्डर समोर ठेवून अख्खी बारी उतरवून घेतली आणि पेनड्राइव्हवर टाकली.

रविवारी आम्ही दोघे ताईकडे मुलुंडला निघालो. एलबीएस रोडला लागलो तसं बाबा म्हणाले, "लाव."

मी लावलं. बुवांचा आवाज आला, झांजा आल्या — झांजा तर कानात टोचत होत्या. पखवाजाची उजवी बाजू आली, टक टक, लाकडावर बोट वाजवावं तशी. बस. बाबा पुढे झुकले. मग डॅशबोर्डच्या अगदी जवळ गेले. मग त्यांनी आपल्याच डाव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले,

"माझो डावो हात खंय गेलो?"

तो सूर मी विसरू शकत नाही. पाकीट हरवल्यावर माणूस खिसे चाचपतो ना, तसे विचारत होते. मला विचारलं, तुकाय तसाच ऐकाक येता? मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं की तुझ्या स्पीकरात तर काय गडबड नाय ना.

इथे मला दोन शब्द म्हणता आले असते. बघतो, बाबा. एवढेच. पण तुम्ही माझं काम विसरलात का? उलटी वायर पकडण्याचा पगार घेतो मी. आणि हे मला कोण विचारत होतं — ज्यांनी माझा हात पुडीवरून उचलून बाजूला ठेवला होता ते. मी म्हणालो, "बाबा, स्पीकर नवीन आहेत, मी स्वतः लावलेत. स्पीकर खोटं बोलत नाही."

ते मागे टेकून बसले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या वाईट वाटण्याखाली आणखी एक होतं — एक बारीकसं समाधान. आता कळलं ना कसं वाटतं, असं काहीतरी. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते आहे, पण होतं ते होतं.

इथपर्यंतचं सगळं तुम्ही कदाचित माफ कराल. चूक झाली, अहंकार आडवा आला, होतं असं माणसाचं. थांबा जरा.

दोन-तीन दिवसांनी उजव्या दाराची काच खडखडायला लागली म्हणून मी दुपारी सुट्टी होती तेव्हा खाली जाऊन पॅनल उघडलं. काच सरळ केली. समोर स्पीकर होता. काय मनात आलं कोण जाणे — नाही, मनात काय आलं ते मला माहीत आहे. बाबा त्या दिवसापासून घरात मांडीवर डाव्या हाताने थापा मारून बघत होते, आणि ते मला पाहवत नव्हतं. मी वर जाऊन टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून आणला. वायरींना लावला.

पडदा आत गेला.

पुन्हा लावला. पुन्हा आत. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. मी वायरी सोडवल्या, अदलाबदल केल्या, पेनड्राइव्ह लावला. आणि डावा हात आला. कसा आला म्हणून सांगू! सीटच्या पाठीतून आला, पायाखालून आला, दाराच्या कप्प्यातल्या बाटलीतलं पाणी हललं. बाबा वाजवताना मध्येच "हा!" म्हणून ओरडले होते, तेही ऐकू आलं. काही गेलेलं नव्हतं. तसूभरही गेलेलं नव्हतं. मी गाडीत एकटाच हसत होतो, आणि नाकातून पाणी येत होतं. आणि मी दार उघडं टाकून लिफ्टकडे धावलो — हे मी माझ्या बाजूने सांगत नाही, फक्त घडलं त्या क्रमाने सांगतो. सांगायचं म्हणूनच मी धावलो होतो.

घरात बुवा आणि तुषार बसले होते. वर्षा चहा देत होती. बाबांनी पखवाज मांडीवर घेतला होता, पण वाजवायला नाही. तुषारला ते पुडीची बांधणी कशी ठेवायची ते दाखवत होते. बुवा म्हणत होते, "अरे, कायतरीच काय? काल-परवा वाजवलंस ता काय कमी होता?" तुषारही मान खाली घालून म्हणत होता की काका, मला नको, तुम्ही आहात तोवर मी बसणार नाही.

बाबा म्हणाले, "तुम्ही मन राखतास रे. मी गाडीत ऐकलय." आणि मी दारात उभा होतो, तर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "त्यातला माझ्या झिलाक कळता. तेना सांगल्यान ता खरा."

माझ्या झिलाक कळता. माझ्या मुलाला कळतं. चार माणसांत. तुम्ही कधी इतकी वर्षं कशाची वाट पाहिली आहे का, की ती गोष्ट चुकीच्या वेळी आली तरी तुम्ही हात पुढे करता? बुवांनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते सांग, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. ते जणू विनवत होते. माझ्या मुठीत रिमोटचा सेल होता.

मी म्हणालो, "खांदा दुखतोय ना त्यांचा. आराम पडेल."

वर्षाने मला चहा दिला. मी तो प्यायलो.

पण हेही ते नव्हे. ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते अजून पुढेच आहे — मी बघतोय, मी गोल गोल फिरतोय.

त्या रविवारी पुन्हा ताईकडे जायचं होतं. बाबा गाडीत बसणार होते. आणि बसले की म्हणणार होते, लाव. आता ती वायर बरोबर होती. पहिल्याच ठेक्याला त्यांना कळलं असतं की स्पीकर खोटं बोलतो. मी खोटं बोलतो. शनिवारी संध्याकाळी मी वर्षाला सांगितलं, जरा गाडी पुसून येतो. खाली गेलो. उजव्या दाराचं पॅनल काढलं. आणि बरोबर लागलेल्या वायरी सोडवून, रुंद पत्तीची अरुंदला, अरुंद पत्तीची रुंदला — पुन्हा उलट्या जोडल्या.

हातांनी. माझ्या. डोळे उघडे ठेवून.

पहिल्यांदा ती चूक होती. दुसऱ्यांदा मी सेल लावून बघितला. पडदा नक्की आत जातो ना, याची खात्री केली. कारखान्यात काम करतो तशी, नीट.

रविवारी बाबा म्हणाले, लाव. मी लावलं. त्यांनी अर्ध्यात हात वर केला, बंद कर म्हणून. मग काच खाली करून बाहेर बघत बसले. मंडळाच्या ग्रुपवर लोक त्या बारीची फाइल मागत होते. मी लिहिलं, फाइल खराब झाली. कुणी आपल्या फोनवर ती बारी उतरवली असेल, बाबांना घरी बोलावून मोठ्या स्पीकरवर ऐकवेल, अशी धाकधूक मला कित्येक महिने होती. बाबांचा फोन वाजला की आधी मी उचलायचो. कुणी ऐकवलं नाही. मी ते घडू दिलं नाही.

पखवाज जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी वर्षाने सवयीने कणकेचा गोळा बाजूला काढला, फडकं ओलं केलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने तो गोळा परत कणकेत मिसळला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, त्यांनी ते पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. आम्ही जेवलो. चपात्या नेहमीसारख्याच झाल्या होत्या.

बाबांचा खांदा पुढे बरा झाला, हे सांगायचं राहिलं. फिजिओथेरपीने महिन्याभरात बरा झाला. डॉक्टर म्हणाले, आता काहीही करा. बाबा म्हणाले, आता काय करूचा हा?

गेल्या महिन्यात बोरिवलीला दुपारी तुषारची बारी होती. बाबा हल्ली फारसे बाहेर पडत नाहीत, पण म्हणाले, जाऊया. पहिल्या रांगेत बसले. तुषार फार छान वाजवतो. बाबांनी मान डोलावली, पाठ थोपटली, डाव्या हाताबद्दल त्याला काहीतरी बारीकसं सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला अडकली होती. बाबा मग म्हणाले,

"दिन्या, तेव्हा बाकीचे सगळे माझा मन राखीत होते. तू एकटोच खरा बोललंस. नायतर लोक हसाक लागल्यावर माका कळला असता."

मी समोरच्या टेम्पोकडे बघत होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डावा. अजून जड आहे तो हात. मग म्हणाले, ता जुना लाव मरे एकदा.

इतक्या वर्षांत त्यांनी ते मागितलं नव्हतं. पेनड्राइव्ह तिथेच होता. मी लावला. बुवा आले, झांजा आल्या, ती टक टक आली. बाबांनी या वेळी बंद कर म्हटलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं, डोळे मिटून. एका जागी त्यांची डावी थाप माझ्या गुडघ्यावर पडली — बरोबर जागेवर, बरोबर वजनाने, जिथे गाडीत काहीच वाजलं नाही तिथे. ती मला लागली. त्यांना ती कळलीसुद्धा नाही.

संपल्यावर ते म्हणाले, "बरोबर हा. सोडलय ता बरा झाला."

मी म्हणालो, हो.

बाबा आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. वायरी अजून तशाच आहेत. पॅनलचे स्क्रू आता सैल झालेत, हातानेही निघतील. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळाचं काम आहे, आणि माझ्याइतकं ते कुणाला येत नाही.

उद्या सकाळी बाबांना मुलुंडला न्यायचं आहे.